घरी बॅटरीवाली सोलर सिस्टीम बसवायचीय? आधी रात्रीचा लोड मोजा

सोलर बसवायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पॅनेल कुठल्या कंपनीचं घेऊ. तो प्रश्न सगळ्यात शेवटी आला तरी चालतं. बऱ्या कंपनीचं पॅनेल २५ वर्षांच्या परफॉर्मन्स वॉरंटीसकट येतं आणि छतावर गपचूप काम करत राहतं. माणसाला रडवतात त्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे नीट न दाबलेला लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), डीसी (पॅनेल-बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) लाईनवर लावलेला एसीचा (घरातल्या नेहमीच्या विजेचा) एमसीबी म्हणजे जादा करंट आला की पडणारा स्विच, भलत्याच बसबारवर (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) गेलेली न्यूट्रल, आणि अंदाजपंचे घेतलेली बॅटरी. म्हणून इथे ब्रँडबद्दल काही नाही, हिशोब आणि जोडणी एवढंच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करून टाकू. ग्रीडला (वीज कंपनीच्या लाईनला) जोडायचं असेल तर वीज कंपनीची परवानगी आणि लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लागतोच, त्यात शॉर्टकट नाही. आणि पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ऊन पडलं की त्याच्या वायरीत व्होल्टेज आहेच. ६ पॅनेल सिरीजमध्ये जोडली की ३०० व्होल्ट डीसी तयार होतो आणि तो जीव घेऊ शकतो. हिशोब, जागा ठरवणं, सामान निवडणं, काम चालू असताना डोळ्यात तेल घालून बघणं हे आपण करायचं, छतावरची डीसी जोडणी आणि मेन डीबी (घरातल्या एमसीबींची पेटी) ज्याला येतं त्याच्या हातात द्यायची.

कुठल्या प्रकारची?

साधी ऑनग्रीड (ग्रीडला जोडलेली, बॅटरी नसलेली) सिस्टीम लाईट गेली की बंद पडते, भर दुपारी ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, त्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. कितीतरी लोकांना हे सिस्टीम बसवून झाल्यावर कळतं आणि मग चिडचिड होते. लाईट गेल्यावर घर चालू ठेवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर हवा, त्यात ग्रीड, सोलर आणि बॅटरी तिन्ही जोडता येतात आणि बॅकअपचं आउटपुट वेगळं मिळतं. जिथे ग्रीड पोचलेलीच नाही तिथे ऑफग्रीड, पण मग ढगाळ दिवसांसाठी बॅटरी मोठी घ्यावी लागते नाहीतर जनरेटर ठेवावा लागतो.

रात्रीचा लोड

वीजबिलावरचे युनिट बघून पॅनेलचा अंदाज येतो, बॅटरीचा येत नाही. बॅटरीसाठी संध्याकाळी ऊन उतरल्यापासून सकाळी पॅनेल परत जागी होईपर्यंत घर किती खातं तेवढंच बघायचं, म्हणजे साधारण १४ तास धरा. कागद घ्या आणि लिहा. ३ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ३० वॅटचे, ९ तास म्हणजे ०.८ युनिट (जुने ७५ वॅटवाले असतील तर तेच २ युनिट, बघा फरक). ९ वॅटचे ६ एलईडी ५ तास, ०.२७. फ्रिज दिवसाला १ युनिट खात असेल तर त्या १४ तासांत ०.६. टीव्ही ३ तास ०.२४. राऊटर ०.१४. झाले २ युनिटच्या आसपास.

आता यात एक मेंबर नेहमी राहतो तो म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर काहीही लोड नसताना सुद्धा ४०-५० वॅट, काही काही तर ८० वॅट पण खात बसतो. ५० वॅट धरले तरी १४ तासांत ०.७ युनिट, म्हणजे फ्रिजपेक्षा जास्त! डेटाशीटमध्ये 'नो लोड कन्झम्प्शन' अशी ओळ असते, घेण्याआधी ती शोधा, आणि २ किलोवॅटमध्ये भागत असेल तर उगाच ८ किलोवॅटचा इन्व्हर्टर घेऊ नका. तर एकूण झाले पावणेतीन युनिट.

यात एअरकंडिशनर, गिझर, इंडक्शन घेतलेलं नाही हे लक्षात आलं असेल. ते घेतलं की बॅटरी दुप्पट-तिप्पट होते. माझं मत स्पष्ट आहे, गरम करणारी कुठलीही वस्तू बॅटरीवर टाकू नका, दुपारी थेट सोलरवर चालवा किंवा ग्रीडवर राहू द्या.

दुसरा आकडा पीक लोडचा, एका वेळी जास्तीत जास्त किती वॅट चालू असतील तो. मोटर असलेल्या वस्तू सुरू होताना क्षणभर ५ ते ७ पट करंट ओढतात, त्यामुळे पाण्याचा पंप बॅकअपवर हवाच असेल तर इन्व्हर्टरचं सर्ज रेटिंग (क्षणभर झेपणारा जादा लोड) बघा नाहीतर मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावा.

बॅटरी: लिथियम की लेड ॲसिड

लिथियममध्ये घरासाठी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायची, ती तापून भडकण्याचा धोका बाकीच्या लिथियम प्रकारांपेक्षा कमी असतो आणि सायकल (एकदा भरून रिकामी करणं म्हणजे एक) काही हजार मिळतात. ३.२ व्होल्टचे १६ सेल म्हणजे ५१.२ व्होल्ट, आणि १०० अँपिअर-अवरला (बॅटरीत किती साठतं त्याचं माप) ५.१२ युनिट. त्यातले ९० टक्के वापरायचे धरले आणि इन्व्हर्टरचा लॉस काढला तर हातात सव्वाचार युनिट येतात. वरच्या घराला एक रात्र आरामात आणि वर थोडं शिल्लक.

लेड ॲसिड ट्यूब्युलर ४८ व्होल्ट १५० अँपिअर-अवर कागदावर ७.२ युनिट दिसते, म्हणजे मोठी वाटते, पण ती ५० टक्क्यांखाली रोज उतरवली तर लवकर मरते, त्यामुळे हातात येतात सव्वातीनच्या आसपास. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते म्हणून हवेशीर जागा, पाणी टॉपअप करणं, आणि भरलेली वीज परत काढताना जास्त नुकसान. जिथे महिन्यातून एखाददोन वेळाच लाईट जाते तिथे ट्यूब्युलर अजूनही ठीक आहे. रोज रात्री वापरायची असेल तर एलएफपीच.

आता एक गोष्ट जी विकणारा सहसा सांगत नाही. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि १०० अँपिअर-अवरची एकच बॅटरी, हा सेट सर्रास दिला जातो. ५ किलोवॅट पूर्ण लोडला बॅटरीतून ११०-१२० अँपिअर करंट जातो. बॅटरीच्या बीएमएसची (बॅटरीच्या आतलं, तिला सांभाळणारं सर्किट) मर्यादा १०० अँपिअर असेल तर तो ट्रिप होणार आणि सगळं घर अंधारात, चार्ज ८० टक्के असून! काही बॅटऱ्यांना तर कायमचा करंट ५० अँपिअरच सांगितलेला असतो, म्हणजे अडीच किलोवॅट. त्यामुळे अँपिअर-अवर बघून थांबू नका, 'कंटिन्युअस डिस्चार्ज करंट' बघा.

जागा सावलीतली, कोरडी, भिंतीपासून हवा खेळेल अशी. उष्णतेने बॅटरी म्हातारी होते, लेड ॲसिडचं तर गणितच आहे की दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं. आणि एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, थंड प्रदेशात असाल तर ती घराच्या आत किंवा हीटरवाली. बेडरूममध्ये, जिन्याखाली, बाहेर पडायच्या वाटेवर मात्र कुठलीच बॅटरी नको.

पॅनेल किती आणि स्ट्रिंग कशी

दिवसाचा सगळा वापर ७ युनिट धरू. तुमच्याकडे दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाइतकं ऊन मिळत असेल आणि उष्णता, धूळ, वायर, बॅटरी असं सगळं धरून २५ टक्के लॉस, तर ७ भागिले ४.५ भागिले ०.७५, उत्तर २.१ किलोवॅट. ढगाळ दिवसाचा विचार करून ३ किलोवॅट घ्या, म्हणजे ५४० वॅटची ६ पॅनेल. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश सेल तापमानाला मोजलेले असतात, आणि कडक उन्हात सेल सहज ६५ अंशाला जातो, तेव्हा १४ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. 'माझी ३.२ किलोवॅटची सिस्टीम २.५ च का दाखवते' याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं, बिघाड काही नसतो.

स्ट्रिंगचा, म्हणजे सिरीजमध्ये एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा, हिशोब मात्र काळजीपूर्वक करा कारण यात इन्व्हर्टर जळतो. समजा पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) ४९.५ आहे आणि इन्व्हर्टरच्या पाटीवर जास्तीत जास्त ५०० व्होल्ट डीसी लिहिलंय. १० पॅनेल सिरीजमध्ये टाकली तर ४९५, बसतंय की! नाही बसत. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला ०.२८ टक्क्याच्या आसपास. पहाटे ५ अंश असताना सूर्य उगवला की तीच स्ट्रिंग ५२३ व्होल्ट देणार, आणि असा गेलेला इन्व्हर्टर वॉरंटीत बसेलच असं नाही. म्हणून तुमच्या भागातलं सगळ्यात कमी तापमान धरून गुणाकार करायचा. उलट बाजूने पण बघा, ३ पॅनेलचीच स्ट्रिंग केली तर चालू व्होल्टेज १२४ च्या आसपास, कडक उन्हात ते १०५ ला उतरतं, आणि एमपीपीटी (इन्व्हर्टरचा पॅनेलमधून वीज घेणारा भाग) १२० पासून सुरू होत असेल तर ऐन दुपारी इन्व्हर्टर मान टाकतो. आपली ६ पॅनेल मधोमध बसतात, थंडीत ३१४ आणि उन्हात २१० च्या आसपास.

छत

पॅनेलचं तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, आणि कल साधारण तिथल्या अक्षांशाइतका. ५-१० अंश इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही, पण अगदी सपाट ठेवू नका, पावसाचं पाणी साचून खालच्या कडेला चिखलाची पट्टी बसते. दक्षिणेला जागा नसेल तर पूर्व-पश्चिम वाटून टाका, एकूण युनिट थोडे कमी येतील पण सकाळी लवकर चार्जिंग सुरू होतं.

सावलीचं काय विचारता, तीच खरी शत्रू. पॅनेलमध्ये साधारण ३ बायपास डायोड असतात, म्हणजे पॅनेलचे ३ भाग पडतात, आणि एका सेलवर टाकीची किंवा अँटेनाची सावली पडली तरी तो पूर्ण भाग बाद होतो. सूर्य खाली असतो त्या महिन्यात, सकाळी ९ आणि दुपारी ३ ला छतावर जाऊन सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा. पॅनेलखाली हवा जायला जागा सोडा, आणि वारा पॅनेल खाली दाबण्यापेक्षा उचलायला जास्त बघतो त्यामुळे स्ट्रक्चरचे बोल्ट आणि अँकर उचलण्याच्या हिशोबाने हवेत. स्लॅबला भोक पाडलं की त्याच दिवशी वॉटरप्रूफिंग, 'नंतर करू' म्हणालं की पहिल्या पावसात खालच्या खोलीत ओल.

डीसी वायरिंग

सोलरची वायर वेगळी येते, टिन केलेलं तांबं आणि ऊन सोसणारं आवरण, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटर. घरात उरलेली साधी वायर छतावर टाकली तर काही वर्षांत तिचं आवरण तडकतं. एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडायचे प्लग) एकाच कंपनीचे नर-मादी जोडा. वेगवेगळ्या कंपनीचे एकमेकांत टक् करून बसतात, पण आत संपर्क अर्धवट राहतो आणि तो सांधा तापून वितळतो. कनेक्टर छताला टेकून पाण्यात पडू देऊ नका, रेलला बांधून वर ठेवा. लोड चालू असताना कनेक्टर ओढून काढायचा नाही, कधीच नाही. एसीचा ठिणगीचा आर्क सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून विझतो, डीसीचा तसाच जळत राहतो.

याच कारणाने ब्रेकर, म्हणजे एमसीबी, डीसीचाच हवा. आणि डीसी ब्रेकर घेतला तरी काम संपलं नाही, त्यावर प्लस-मायनसची खूण असेल तर तो एकाच दिशेने चालणारा आहे, उलटा लावला तर बंद करताना आतच आर्क होऊन पेटतो. बिनखुणेचा, दोन्ही दिशांनी चालणारा मिळाला तर तोच घ्या. डीसी साईडला एसपीडी (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जिरवणारं साधन) लावा, एसीला वेगळा. ३ किंवा जास्त स्ट्रिंग समांतर जोडत असाल तर प्रत्येकीला फ्यूज, एक-दोन स्ट्रिंगला सहसा लागत नाही. अर्थिंग करताना पॅनेलच्या फ्रेमवरचं अॅनोडायझिंग म्हणजे वरचा कडक थर वीज वाहू देत नाही, म्हणून फ्रेमच्या अर्थिंगच्या भोकातच दातेरी वॉशरने वायर कसायची, नुसती कुठल्याही स्क्रूला गुंडाळलेली वायर म्हणजे दिखावा.

बॅटरीची केबल आणि लग

इथे व्होल्टेज कमी पण करंट प्रचंड. ५ किलोवॅटला ३५ चौरस मिलिमीटर कमीत कमी, ५० असेल तर निश्चिंत, आणि लांबी जितकी कमी तितकं चांगलं. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज, कारण एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर करंट सोडू शकते, त्यामुळे एवढा करंट तोडण्याची क्षमता असलेला क्लास टी प्रकारचा फ्यूज घेतलेला बरा.

लग हायड्रॉलिक क्रिम्परने आणि बरोबर साईजच्या डायनेच दाबायचा. हातोडी-छिन्नीने ठोकलेला लग वरून घट्ट दिसतो पण आत तारांमध्ये हवा राहते. दाबून झाला की दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, जरा जरी सरकला तर कापून नवीन लावा. मग बोल्ट. क्रम असा: टर्मिनलचा सपाट भाग, त्यावर थेट लग, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. लग आणि टर्मिनलच्या मध्ये वॉशर गेला की सगळा करंट त्या स्टीलच्या चकतीतून जातो आणि सांधा तापतो. ही चूक इतकी कॉमन आहे की काम संपल्यावर मी म्हणेन टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्ट स्वतः बघा. कसायचा किती ते मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पाना वापरा, आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या.

बॅटरी पहिल्यांदा इन्व्हर्टरला जोडताना आतले कपॅसिटर एकदम भरतात आणि मोठी ठिणगी उडते. बॅटरीत प्रीचार्ज सोय नसेल तर आधी रेझिस्टरमधून काही सेकंद भरून घ्यायचं, मग केबल लावायची.

एसी बाजू, म्हणजे न्यूट्रलची भानगड

बॅकअपवर जे चालवायचंय त्याचा वेगळा डीबी करा. फेज सगळे नीट वेगळे करतात, न्यूट्रल विसरतात. हॉलच्या पंख्याचा फेज बॅकअपच्या डीबीतून येतोय आणि न्यूट्रल जुन्याच बसबारवर परत जातेय, असं झालं की आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो नाहीतर इन्व्हर्टर एरर देतो आणि सगळे इन्व्हर्टरला शिव्या घालतात. जुन्या घरांत दोन खोल्यांनी एकच न्यूट्रल वाटून घेतलेली असते, त्यामुळे प्रत्येक सर्किट वेगळं तपासूनच हलवावं लागतं आणि यात अख्खा दिवस जाऊ शकतो, इलेक्ट्रिशियनला घाई करू नका. दुसरं, ग्रीड गेल्यावर बॅकअप बाजूला न्यूट्रल-अर्थ बाँड (न्यूट्रल आणि अर्थचा जोड) राहतो का ते विचारा. काही इन्व्हर्टर रिलेने स्वतः जोडतात, काहींना बाहेरून करावं लागतं. तो बाँड नसेल तर लाईट गेलेली असताना आरसीसीबी असून नसल्यासारखा.

पहिल्यांदा चालू करताना

आधी मल्टीमीटर. प्रत्येक स्ट्रिंगची प्लस-मायनस तपासा आणि व्होल्टेज मोजा, ६ पॅनेलला २९० च्या आसपास हवं, २४० आलं तर एक पॅनेल कुठेतरी सुटलंय. मग बॅटरी चालू करा, इन्व्हर्टर जागा होऊ द्या, सेटिंग करा, त्यानंतर सोलरचा ब्रेकर, मग ग्रीड, आणि सगळ्यात शेवटी लोड. बंद करताना याच्या उलट. तुमच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा दिला असेल तर मॅन्युअल खरं.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम करून बीएमएसची केबल लावली तर बाकी आकडे तो स्वतः घेतो. ती केबल दिसायला इंटरनेटच्या केबलसारखी असली तरी आतल्या पिनांचा क्रम प्रत्येक इन्व्हर्टरचा वेगळा असतो, मॅन्युअलमधला तक्ता बघूनच घ्या. कम्युनिकेशन नसेल तर हाताने भरा: १६ सेलला चार्जिंग ५६ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून धरायचं व्होल्टेज) ५४, कटऑफ ४८ हे सुरक्षित आकडे आहेत, आणि चार्जिंग करंट १०० अँपिअर-अवरला ५० अँपिअरपर्यंत. इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद आहे ना ते दोनदा बघा, ते लेड ॲसिडसाठी असतं. लाईट वारंवार जाणारा भाग असेल तर ग्रीड असताना बॅटरी ३० टक्क्यांखाली उतरू देऊ नका, नाहीतर पहाटे लाईट जायची आणि नेमकी तेव्हाच बॅटरी रिकामी.

तासभर चांगला लोड चालवा, मग प्रत्येक ब्रेकर आणि सांध्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा. एखादाच सांधा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तो सैल आहे, बंद करून परत कसा. त्यानंतर मुद्दाम मेन बंद करून बघा घर चालू राहतं का, इन्स्टॉलर तिथे उभा असतानाच.

पुढे

पॅनेल सकाळी थंड असताना धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको, क्षार असलेलं पाणी असेल तर वायपरने पुसून घ्या नाहीतर पांढरे डाग बसतात. वर्षातून एकदा सगळे बोल्ट आणि एसपीडीची खिडकी बघा, खिडकी लाल झाली असेल तर एसपीडी बदला. एलएफपी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरू द्या, सेल बॅलन्स होतात आणि टक्केवारीचा आकडा पण ताळ्यावर येतो, कारण या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या भागात जवळपास सपाट असतं आणि बीएमएस करंट मोजत मोजत हळूहळू भरकटतो.

आणि नंतर दुसरी बॅटरी समांतर जोडायची झाली तर शक्यतो त्याच मॉडेलची घ्या, दोन्ही आधी वेगवेगळ्या फुल चार्ज करा, व्होल्टेज जुळलं की मगच जोडा, नाहीतर भरलेलीतून रिकामीत एकदम करंट धावतो आणि बीएमएस ट्रिप होतो. केबल दोन्हींच्या सारख्याच लांबीच्या, प्लस एका बॅटरीवरून काढायचा आणि मायनस दुसरीवरून.